लोकरीत विणलेला गोवा

व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आपला गोवा आहे. लोकरीचा. आपल्याकडे जन्मात कधी लोकर अंगाला न लावणारी माणसे, आणि आपले शहर मात्र साडेचारशे वर्षे लोकर-रेशमात विणलेले परमुलखात राहते आहे.

हा गोवा म्हणजे मांडवीकाठचे जुने गोवे. पणजीला तेव्हा कोणी शहर म्हणत नव्हते. सोळाव्या शतकाच्या मध्याला ब्रुसेल्सच्या विणकरांनी दहा भित्तिपटांची एक मालिका विणली. भित्तिपट म्हणजे थंड प्रदेशातल्या राजवाड्यांत दगडी भिंतीवर टांगायचे, भिंतीएवढेच मोठे विणलेले चित्र. या मालिकेचा नायक पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो. १५४६ साली त्याने दीवचा वेढा मोडला आणि १५४७ च्या एप्रिलमध्ये गोव्यात विजयी प्रवेश केला, त्याची ही कथा. आधी लढाईचे पट आहेत, मग मिरवणुकीचे. लुटलेल्या तोफा, निशाणे, सैनिक, कैदी आणि मागे गोव्याच्या म्हणून दाखवलेल्या इमारती.

मी हे पट प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. पुस्तकांतल्या छापांत पाहिले, अलीकडे संगणकाच्या पडद्यावर मोठे करकरून पाहिले. इमारती बघितल्या की पहिल्यांदा हसू येते. ब्रुसेल्सच्या माणसाला ओळखीचे वाटावे असे ते शहर आहे. त्या विणकरांनी मांडवी पाहिली नव्हती, चिऱ्याचा दगड पाहिला नव्हता, एप्रिलमधला आपला घाम तर नाहीच नाही. आणखी एक गंमत वाचनात आली. असे पट विणताना कारागीर मागच्या बाजूने विणतो. त्याच्यासमोर असतात ते गाठी आणि लोंबते धागे. चित्राचा दर्शनी चेहरा पलीकडे तयार होत असतो आणि तो नीट बघायला मिळतो पट मागावरून उतरल्यावर. हे वाचले आणि मनात आले, गोव्याचा इतिहास आपण गोवेकर बहुधा असाच बघत आलो आहोत. दर्शनी बाजू दुसऱ्यांसाठी, आपल्या वाट्याला गाठी.

राजाच्या नगरप्रवेशाची चित्रे ही त्या काळच्या युरोपात एक स्वतंत्र जातच होती. राजा शहरात येणार म्हटले की लाकडाच्या आणि कापडाच्या कमानी उभ्या राहायच्या, भाषणे व्हायची, चौकाचौकात देखावे. दोन दिवसांत सगळे उतरवायचे. मग मागे काय उरणार? चित्र. श्रीमंतांसाठी भित्तिपट, बाकीच्यांसाठी लाकडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले कागद. सम्राट मॅक्सिमिलियन तर त्याच्याही पुढे गेला. त्याने मिरवणूक न काढताच मिरवणुकीची चित्रे कोरून घेतली. शंभरावर ठशांची ती कागदी मिरवणूक कुठल्याच रस्त्यावरून कधी गेली नाही. त्यात हान्स बुर्गक्मायर या चित्रकाराने ‘कालिकतचे लोक’ काढले आहेत. हत्ती आहे, आणि त्याच्याबरोबर चालणाऱ्या काही माणसांच्या अंगावर चक्क अमेरिकेतल्या आदिवासींसारखी पिसे! मलबार काय आणि ब्राझील काय, त्यांच्या दृष्टीने सगळे एकच ‘लांबचे’.

गोव्याहून गेलेल्या एका प्राण्याची गोष्टही याच काळातली. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकेर्कला गेंडा भेट दिला. तो गोव्यात आला, गोव्यातून जहाजावर चढला आणि १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला पोचला. ड्यूररने एका पत्रातले वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याचे चित्र लाकडी ठशावर उतरवले. स्वतः त्याने गेंडा कधीच पाहिला नाही. तरी पुढची अडीचशे वर्षे युरोपातल्या पुस्तकांत गेंडा म्हटला की तोच, चिलखत घातल्यासारखा, पाठीवर एक जादा शिंग असलेला. एकदा छापून पसरलेल्या चित्राची ताकद ही अशी असते. खरा गेंडा समुद्रात बुडून मेला, छापलेला मात्र जिवंत राहिला.

तर कास्त्रो.

त्याची हकिगत नीट सांगायला हवी, कारण माणूस साधा नव्हता. १५३५ साली गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या धाकाने पोर्तुगिजांना दीवमध्ये किल्ला बांधू दिला. दोन वर्षांनी त्यांच्याशीच झालेल्या झटापटीत बहादूरशहा दीवच्या समुद्रात मेला. किल्ला गुजरातच्या डोळ्यांत सलत राहिला. १५३८ मध्ये एक वेढा पडून उठला. १५४६ च्या एप्रिलमध्ये दुसरा पडला. किल्ल्यात जुआंव मास्कारेन्यश नावाचा कप्तान आणि मूठभर माणसे, बाहेर ख्वाजा सफर. वेढ्यातच ख्वाजा सफर मारला गेला आणि मग त्याचा मुलगा रुमीखान पुढे झाला. पावसाळ्यात समुद्र बंद, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तरीही गव्हर्नराने गोव्याहून भर पावसात मदत धाडली. त्या मदतीत त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा फेर्नांदु होता. ऑगस्टमध्ये बुरुजाखालच्या सुरुंगाचा स्फोट झाला आणि फेर्नांदु त्यात गेला. नोव्हेंबरात कास्त्रो स्वतः मोठे आरमार घेऊन पोचला, किल्ल्यातून बाहेर पडून लढला आणि जिंकला. रुमीखान पडला, जुझारखान कैद झाला.

जिंकलेला किल्ला मात्र ढिगारा झाला होता. बांधायला पैसे नाहीत. तेव्हा त्याने २३ नोव्हेंबर १५४६ ला दीवहून गोव्याच्या नगरसभेला पत्र लिहिले आणि वीस हजार पार्दाव कर्जाऊ मागितले. तारण काय? मुलाची हाडे उकरून गहाण पाठवावी असे मनात होते, पण देह अजून मातीला मिळाला नव्हता, म्हणून ते जमले नाही. मग त्याने आपल्या दाढीचे केस कापून पाठवले. आपल्याकडे मिशीचा केस गहाण ठेवून कर्ज काढणाऱ्या सरदारांच्या गोष्टी सांगतात. त्यामुळे ही गोष्ट ऐकणाऱ्या कुणा गोवेकराला ती परकी वाटत नाही. नगरसभेने पैसे दिले आणि दाढी मानाने परत पाठवली. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, असेही त्याचे चरित्रकार सांगतात.

पोटच्या पोराची हाडे गहाण टाकायला निघालेला बाप मला झोपू देत नाही. त्याला खलनायक म्हणून बाजूला सारावे तर हा बाप आडवा येतो.

आणि हाच माणूस पाच महिन्यांनी गोव्यात शिरला तो रोमन सेनापतीसारखा. डोक्यावर पानांचा मुकुट, हातात विजयाचे म्हणून माडाच्या कुळातले एक पान, स्वागताला लॅटिन भाषण, खिडक्यांतून फुले आणि सुगंधी पाणी. शत्रूची निशाणे जमिनीवरून फरफटत आणि त्यांच्यामागे कैदी. त्यांत जुझारखान. ग्रीक-रोमन ग्रंथ वाचलेला तो माणूस होता. आपण सीझर आहोत असे एक दिवस त्याला वाटून घ्यायचे असेल. ही वार्ता लिस्बनला गेली तेव्हा राणी कातारीना म्हणे म्हणाली की हा जिंकला ख्रिस्ती माणसासारखा, पण विजय साजरा केला मूर्तिपूजकासारखा. ज्या शहरातली मूर्तिपूजकांची देवळे नुकतीच पाडून झाली होती, त्याच शहरातल्या मिरवणुकीला राणीने ‘मूर्तिपूजकी’ म्हणावे, यातला विनोद तिच्या लक्षात आला नसणार.

आणि ते पान! एप्रिल महिना. आपल्याकडे एप्रिलमध्ये चुडते भिजत घालतात, विणतात, पावसाआधी घर शाकारायची तयारी करतात. निदान माझ्या लहानपणापर्यंत तरी करत. त्या दिवशी शहराच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर कुणी बाई अंगणात बसून चुडत विणत असेलच. तिच्या हातातल्या पानाला आणि गव्हर्नराच्या हातातल्या पानाला एकमेकांची ओळखही नव्हती.

या मिरवणुकीत आपण कुठे होतो?

हा प्रश्न मला सुचलेला नाही. माझ्या भाचीचा आहे. काही वर्षांपूर्वी मी तिला जुन्या गोव्याच्या संग्रहालयात नेले होते, सेंट फ्रान्सिसच्या मठात आहे तिथे. तेव्हा ती सहावीत होती. तिथल्या दालनात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाईसरॉय यांची तैलचित्रे ओळीने लावलेली. एकामागून एक उभे पुरुष. चिलखत, काळे कपडे, कमरेला तलवार, कोपऱ्यात ढालीचे चिन्ह. ही चित्रमाला सुरू केली ती या कास्त्रोनेच, १५४७ साली, म्हणजे मिरवणूक निघाली त्याच वर्षी. आधीचे सगळे गव्हर्नर ज्याने स्वतः पाहिले होते त्या गाश्पार कोर्रैया या इतिहासकाराला त्याने हाताशी धरले आणि एका स्थानिक चित्रकाराकडून चित्रे काढून घेतली. त्या चित्रकाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पुढच्या शतकांत आपल्या दमट हवेने रंग खाल्ले, कुणी कुणी वरून रंग चढवले, जुने चेहरे नव्या चेहऱ्यांखाली गाडले गेले.

भाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. परत आली. मग म्हणाली, “मामा, हांतूंत आमचो कोण?”

रखवालदार हसला. मी म्हटले, “ज्याने ही चित्रे काढली तो.”

“ताचें नांव कितें?”

त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, कुणापाशीच नाही. पण प्रश्न मात्र घरी आला आणि घरातच राहिला. या लेखाचे कारण खरे म्हणजे तो आहे.

कारण आपण त्या काळच्या चित्रांत अगदीच नाही असे नाही. लिन्स्खोटेन नावाचा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचे पुस्तक १५९६ साली छापले गेले, त्यात तांब्यावर कोरलेली चित्रे आहेत. जुन्या गोव्याचा बाजार आहे, लिलाव चालला आहे, पालखीत बसलेले फिरंगी आहेत. आणि आपणही आहोत. आपला शेतकरी आहे, त्याचे घर आहे, आपला ब्राह्मण आहे, वाणी आहे. प्रत्येकाच्या खाली तो कोण जातीचा ते लिहिले आहे. नाव कुणाचेच नाही. गव्हर्नरांची नावे चित्राखाली आणि आपल्या जाती. भाचीच्या प्रश्नाचे एक उत्तर हे आहे, पण ते तिला द्यावेसे मला वाटेना.

दुसरे उत्तर आमच्या घरातच होते. आमचे घराणे आज अंत्रुजात, फोंड्याच्या बाजूला. पण मूळ गाव विचारले की आजी नदीच्या पलीकडे बोट दाखवायची. आमच्यासारखी शेकडो घरे इथे आहेत. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे गेली. साष्टी आणि बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे आले, तिथली देवळे १५६० च्या दशकात पाडली गेली. त्या वर्षांत कुठ्ठाळीहून मंगेश निघाला तो प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. लोकांनी देव उचलले, होडीत घातले आणि खाडी ओलांडली.

आता विचार करा. हाही एक नगरप्रवेशच. देवांचा. आणि तो कसा? अंधारात. ढोल नाही, ताशा नाही, शंख वाजवायची सोय नाही. ज्या पालखीसमोर एरवी दिवट्या आणि तरंगे चालायची, ती देवता कुणाच्या तरी पंचात गुंडाळून वल्ह्याचा आवाज न करता पलीकडे गेली. आजी हे सांगायची तेव्हा आवाज खाली आणायची. जणू अजून कोणी ऐकत आहे. चारशे वर्षांनी!

आणि पलीकडे मुलूख कुणाचा? विजापूरच्या आदिलशहाचा. गव्हर्नर ज्या सुलतानांना हरवल्याचे ढोल पिटत होते, त्यांच्यातल्याच एकाच्या मुलखात आपल्या देवांना आसरा मिळाला. शाळेत आम्हाला इतिहास दोन रंगांत शिकवला. आमच्या देवांचा हा प्रवास त्या दोन्ही रंगांत बसत नाही, म्हणून असेल कदाचित, तो घरी आजीकडूनच ऐकावा लागतो.

या प्रवेशाचे चित्र कोणी काढले नाही. कोरले नाही, विणले नाही. पण त्याची मिरवणूक अजून चालू आहे. जत्रेला, शिगम्याला पालखी निघते तेव्हा मी बघतो. मुकुट घातलेला माणूस कमानीखालून शहरात शिरतो आणि लोक दोन्ही बाजूंनी बघत उभे राहतात, ही एक तऱ्हा. पालखी उलटी चालते. देव आपल्या जागेवरून उठतो आणि लोकांच्या दारात जातो. प्रत्येक दारात थांबतो. ओटी घेतो. गरिबाच्या घरासमोर तेवढाच वेळ. एकदा घरातून उठावे लागलेल्या देवाला दुसऱ्यांच्या दारांची किंमत कळत असावी.

कास्त्रोविषयी एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितली नाही तर त्याच्यावर अन्याय होईल.

१५३८-३९ मध्ये, गव्हर्नर व्हायच्या सहा-सात वर्षे आधी, तो आरमाराबरोबर गोव्याहून दीवला गेला आणि त्या वाटेचे एक तपशीलवार टिपण लिहिले. गणिती पेद्रु नुनिश याच्या तालमीत तयार झालेला माणूस. होकायंत्राची सुई कुठे किती ढळते, ते त्याने मोजले. किनाऱ्यावरची बंदरे काढली. वाटेत त्याने घारापुरीची लेणी पाहिली आणि साष्टी बेटावरची कान्हेरीसुद्धा. त्याने लेण्यांची मापे घेतली. मूर्तींची वर्णने लिहिली. आणि त्या वर्णनांत तिरस्कार नाही, थक्क होणे आहे. माणसाच्या हाताने हे झाले असेल यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. लेणे मोजत उभा असलेला तो कास्त्रो मला मिरवणुकीतल्या कास्त्रोपेक्षा जास्त खरा वाटतो. दीव, फेर्नांदु आणि पानांचा मुकुट हे सगळे अजून पुढे होते.

लिस्बनजवळ सिंत्रा येथे त्याची बाग होती, पेन्या व्हेर्द नावाची. त्या बागेत संस्कृत शिलालेख कोरलेला एक दगड आहे. सोमनाथ पाटणचा. सारंगदेव वाघेल्याच्या राज्यातला, इसवी सन १२८७ चा. त्रिपुरांतक नावाच्या शैव तपस्व्याने तिथे बांधलेल्या देवळांची त्यात प्रशस्ती आहे. हा दगड कास्त्रोनेच सौराष्ट्रातून नेला असे मानतात. बागेत शोभेला म्हणून की विजयाची खूण म्हणून, दोन्ही असेल. अडीचशे वर्षे त्याच्यासमोरून माणसे फिरली आणि कुणालाही अक्षर लागले नाही. शेवटी अठराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स विल्किन्सने तो वाचला, पुढे ब्यूलरने नीट संपादून छापला. दगडाने काही गमावले नव्हते. तो वाचता येणाऱ्याची वाट बघत होता.

याच्यासमोर मला आपला एक दगड ठेवावासा वाटतो. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर, कदंबांचे कुलदैवत. त्याचे देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नार्व्याला नेले गेले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार केला आणि तसा लेख दारावर कोरवला. एका राज्यकर्त्याने देवळाचा दगड उचलून सात समुद्रापलीकडच्या बागेत नेला आणि एकाने देवळाला दगड लावला. दोघेही लढवय्येच. मागे काय ठेवले यावरून माणूस ओळखावा, असे जुने लोक म्हणत ते काही उगाच नाही.

कास्त्रोचा शेवट मिरवणुकीनंतर चौदा महिन्यांत झाला. व्हाईसरॉय ही पदवी त्याला मिळाल्याची बातमी मरणाच्या थोडेच आधी पोचली. ६ जून १५४८, गोव्यात, पाऊस तोंडावर आलेला किंवा नुकताच लागलेला. उशाशी फ्रान्सिस झेवियर होता. आजाऱ्याला सूप करून द्यायचे तर घरात कोंबडी घ्यायला पैसे नव्हते, असे तो म्हणाल्याचे चरित्रकार सांगतात. सरकारी पैसा खाल्ला नाही अशी त्याने शपथ घेतली. ती खोटी असावी असे वाटण्याजोगे काही त्याच्या घरात सापडले नाही. आजच्या काळात हे वाचताना जरा थांबायला होते, हे कबूल करावेच लागेल!

त्याच्यानंतर पन्नास वर्षांनी, १५९९ मध्ये, जुन्या गोव्याच्या धक्क्यावर व्हाईसरॉयची कमान उभी राहिली. फ्रान्सिश्कु द गामाने बांधली, वास्कोचा पणतू. पुढे प्रत्येक नवा गव्हर्नर इथे उतरायचा, शहराच्या किल्ल्या घ्यायचा आणि या कमानीतून आत शिरायचा. मिरवणुकीला कायमचे दार मिळाले. नदीच्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा आहे. शहराच्या बाजूला मान वर केलीत तर हातात तलवार घेतलेली एक बाई दिसेल, आणि तिच्या पायाखाली पडलेला एक पागोटेवाला. तो आपल्याकडचा. गव्हर्नर आत गेला की मागे वळून बघायचा नाही, पण शहरात राहणाऱ्यांना रोज नदीवर जाताना तो पागोटेवाला दिसायचा. कमान १९५४ मध्ये नव्याने बांधली. पागोटेवाला तिथेच ठेवला.

माझ्या वडिलांनी एकच नगरप्रवेश पाहिला. १९ डिसेंबर १९६१. ते तेव्हा पणजीत शिकत होते, वय चौदा. भारतीय सैनिक बेतीच्या काठावरून होड्यांतून मांडवी ओलांडून आले. वडील सांगायचे, “मिरवणूक अशी काही नव्हतीच रे. दमलेली माणसे होती. बुटांना चिखल. एकाने माझ्याकडे पाणी मागितले.” लोक आनंदाने ओरडत होते, कुणी रडत होते. वडिलांच्या आठवणीत मात्र उरला तो पाण्याचा तांब्या. त्या दिवसाची छायाचित्रे पुष्कळ आहेत. त्यांतल्या कुठल्याच छायाचित्रात तो तांब्या नाही. मी शोधला आहे.

म्हणून भाचीला मी नंतर जे सांगितले ते इथे लिहून ठेवतो. चित्रात आपण नसलो तरी त्या दिवशी आपण तिथे होतो. रस्ता झाडणारा, पताका बांधणारा, वाजवणारा, ओझे वाहणारा, आणि खिडकीतून बघणाऱ्यांच्या घरात पाणी भरणारी, हे कोण असणार? विणकराने त्यांना घेतले नाही, कारण त्याला पैसे त्याचे मिळत नव्हते. ते चित्र फाडायचे कारण नाही आणि त्याच्यासमोर मान झुकवायचेही नाही. नीट वाचायचे. पुढून वाचायचे आणि उलटून मागच्या गाठीही बघायच्या.

तिने ऐकून घेतले. म्हणाली, “पूण नांव कोणाचेंच ना न्हय?”

नाही. हे ‘नाही’ आहेच. ते कुठल्याही चांगल्या वाक्याने भरून निघत नाही आणि ते भरून काढायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. आपल्याला जेवढी नावे माहीत आहेत तेवढी तरी लिहून ठेवावी. आजी कुठून कुठे आली, देव कुठल्या घाटावर उतरला, होडी कुणाची होती. तुमच्या घरात अजून कोणी सांगणारे असेल तर या मे महिन्यातच विचारून घ्या.

आजही त्या कमानीखालून वाहतूक चालते. दिवाडीची फेरीबोट धक्क्याला लागते, फळी पडते आणि स्कूटरी, मोटारसायकली, शाळेची पोरे, भाजीची पोटली घेतलेल्या बाया असा लोंढा कमानीतून शहरात शिरतो. सप्तकोटेश्वराच्या बेटावरची माणसे, व्हाईसरॉयच्या दारातून. कुणी वर बघत नाही. पागोटेवाला वरून बघत असतो. परवा एका म्हातारीच्या डोक्यावर चुडतांच्या हिरांचा केरसुण्यांचा भारा होता. कमान उंच, तरी सवयीने तिने मान जराशी वाकवली, आणि सरळ आत गेली.